चांदीचं पाणी

एकतीस नंबरची काच मायक्रोस्कोपखाली सरकवून त्याने डोळा लावला तेव्हा सकाळचे साडेदहा झाले असतील, आणि नंतर बराच वेळ तो जागचा हलला नाही. खरं म्हणजे आत काय आहे ते बघणं त्याचं काम नव्हतंच. काप फाटला नाही ना, सुरकुती पडली नाही ना, रंग नीट धरलाय ना, एवढं पाहायचं आणि काच ट्रेमध्ये ठेवायची. बाकीचं मॅडम बघणार, प्रयोग त्यांचा होता. तेहतीस वर्षं तो या इमारतीच्या तळमजल्यावर प्राण्यांच्या अवयवांचे काप काढत आला होता. मेणाच्या ठोकळ्यात बसवलेला यकृताचा तुकडा यंत्राला लावायचा, चाक फिरवायचं, केसाहून कितीतरी पातळ पट्टी सुटत आली की ती कोमट पाण्यावर अलगद सोडायची, काचेवर उचलायची, वाळवायची, रंगवायची. ठोकळ्यांवर फक्त नंबर असत. कुठला उंदीर तरुण, कुठला म्हातारा, कुणाला चांदीचे कण पाजले आणि कुणाला नुसतं पाणी, हे त्याला मुद्दाम सांगितलेलं नव्हतं. पण म्हातारं यकृत त्याला न सांगता कळायचं. त्याच्या पेशींत एक तपकिरी रंग साठलेला असतो, वापरून वापरून आलेला. तो मनातल्या मनात त्याला गंज म्हणायचा. एकतीस नंबरात गंज होताच, आणि गंजाच्या आजूबाजूला काळे कण होते. मॅडमनी या वेळी चांदी दाखवणारा खास रंग वापरायला सांगितला होता, तेव्हा काळं म्हणजे चांदी, यात शंका नव्हती. कण सुटे सुटे नव्हते. यकृतातल्या कचरा गिळणाऱ्या पेशींमध्ये ते झुबक्याझुबक्याने गोळा झाले होते. त्या झुबक्यांची मांडणी त्याने परत परत पाहिली. ही मांडणी त्याने आधी एकदा पाहिली होती. उंदरात नव्हे.

त्याने काच काढली, पुसली, ट्रेमध्ये ठेवली आणि बत्तीस नंबर घेतला. हात नेहमीसारखेच चालत होते. डोक्यात मात्र एक स्वयंपाकघरातलं टेबल ठाण मांडून बसलं होतं, त्यावरचा वर्तमानपत्राचा कोडं असलेला कागद, आणि समोर उभी असलेली बायको. तिच्या हातात निळ्या काचेची बाटली होती. वरच्या मजल्यावर एक बाई राहायच्या, त्या घरोघरी असल्या बाटल्या विकायच्या. "अहो," बायको म्हणाली होती, "चांदीचं पाणी म्हणे. सकाळी दोन चमचे. थकवा जातो, सर्दी होत नाही. घेऊ का मी?" त्याला तेव्हा पाच अक्षरी शब्द अडला होता. त्याने मान वर केली नव्हती. "घे की," तो म्हणाला होता, "काय होतंय!" झालं. एवढंच. त्यानंतर सहा वर्षं ती रोज सकाळी दोन चमचे घेत होती. वरच्या बाईंना, कोपऱ्यावरच्या दुकानदाराला, आपल्या बहिणीला ती अभिमानाने सांगायची, "आमच्यांनी पाहिलंय. ते लॅबमध्येच असतात, त्यांना कळतं यातलं." बाटलीवर बारीक अक्षरांत 'अतिसूक्ष्म कण' असं छापलेलं होतं, हे त्याने तिच्यामागे कपाट आवरताना पहिल्यांदा वाचलं. तोवर मुलीने उरलेल्या तीन बाटल्या आपल्या पिशवीत भरल्या होत्या. आईची आठवण म्हणून.

चार वर्षांपूर्वी बायकोच्या पायांना सूज आली, मग पोट फुगलं, मग डोळे पिवळे झाले. ती आयुष्यात दारूच्या थेंबाला शिवली नव्हती. डॉक्टरांनी यकृत कडक होत चाललंय म्हणून सांगितलं, सुईने तुकडा काढून तपासायला पाठवला, आणि शेवटी वयावर, वजनावर, नशिबावर असं थोडं थोडं वाटून टाकलं. वय अठ्ठावन्न. हॉस्पिटलच्या तपासणी विभागात एक जण त्याच्या ओळखीचा होता, पूर्वी इथेच कामाला असलेला. त्याने खुर्ची ओढून दिली आणि म्हणाला, "बघायचंय का? बघ." त्याने बघितलं. नेहमीचा गुलाबी-जांभळा रंग, मध्ये मध्ये धाग्यांच्या भिंती, आणि गंज. काही कण जरा जास्तच काळे होते का? आता, बत्तीस नंबरच्या काचेवरून बोट फिरवताना, त्याला ते अगदी काळेकुट्ट आठवत होते. पण आठवण ही काही पक्क्या रंगाने रंगवलेली काच नव्हे. तो त्या दिवशी खाटेशी परत गेला तेव्हा ती म्हणाली होती, "पाहून आलात? कशी दिसते मी आतून?" तो म्हणाला, "गुलाबी." ती हसली. खूप हसली, पोट दुखेपर्यंत. "चला," म्हणाली, "कुठेतरी आहे म्हणायची!" सगळ्या संसारात तो तिला मनापासून बोललेला विनोद बहुधा तेवढाच. एरवी ती लोकांना सांगायची, "उंदराच्या पोटात काय चाललंय ते यांना विचारा. घरात काय चाललंय ते नका विचारू."

आठवड्याभराने मॅडमनी कुठला नंबर कुठल्या उंदराचा ती यादी उघडली. त्या त्याच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान होत्या, त्याला काका म्हणायच्या आणि चहा पिताना त्याच्याच टेबलाच्या कडेला टेकायच्या. "काका, तुमचे काप सुरेख आलेत," त्या म्हणाल्या. "तरुण उंदरांना महिनाभर पाजलं, मग दोन महिने बंद ठेवलं. जवळजवळ साफ. म्हाताऱ्यांना वजनाच्या हिशेबाने तेवढंच पाजलं, तेवढेच दिवस बंद ठेवलं. यांच्यात साठून राहिलंय. आजूबाजूला पेशी मेल्यात, धागे यायला लागलेत. म्हातारं यकृत बाहेर टाकायलाच विसरतं जणू." त्याने विचारलं, "आणि माणसात?" मॅडमनी कप खाली ठेवला. "चाळीस उंदरांवरून माणसाबद्दल मी एक अक्षर बोलणार नाही. का हो?" तो म्हणाला, "सहज." घरी आल्यावर त्याने दिवा लावला, बूट काढले आणि ते हातात धरून तो मधल्या खोलीत उभा राहिला. चार वर्षांत या घरात त्याच्याखेरीज कुणी खुर्ची हलवलेली नव्हती. सकाळी जिथे वर्तमानपत्र ठेवलं तिथेच ते संध्याकाळी असायचं, आणि या गोष्टीची इतकी सवय होऊनही दार उघडल्यावर तो रोज एकदा त्याच्याकडे बघायचा. आज त्याला वाटलं, की आपण तिला काही केलं असतं, म्हणजे मारलं असतं, टाकलं असतं, तर निदान ते आपल्या लक्षात राहिलं असतं. मान वर केली नाही, हे काय लक्षात ठेवायचं? आणि तरी त्या पाच अक्षरी शब्दाचं पहिलं अक्षरसुद्धा त्याला अजून आठवत होतं.

मुलगी दुसऱ्या शहरात होती, बसने चार तासांवर, एका शाळेत गणित शिकवायची. दर रविवारी अकरा वाजता तिचा फोन यायचा. जेवलात का, औषध घेताय का, गुडघा कसा आहे. आईशी ती अगं-तू करून तासन् तास भांडायची, हसायची, त्याच्याशी मात्र पहिल्यापासून तुम्ही आणि पाच मिनिटं. त्या रविवारी त्याने स्वतःहून विचारलं, "आईच्या त्या बाटल्या नेल्या होत्यास ना, निळ्या. काय केलंस त्यांचं?"

"त्या कधीच संपल्या. मी मागवते आता. रोज घेते."

"रोज?"

"दोन चमचे. का? आईला तुम्हीच सांगितलं होतंत ना, काही होत नाही म्हणून. ती नेहमी म्हणायची."

फोनवर तिच्याकडचा पंखा ऐकू येत होता. बोल, त्याने स्वतःला म्हटलं. एक वाक्य आहे. बंद कर. एवढंच म्हण. पण बंद कर म्हटल्यावर ती का विचारणार, आणि त्या का-च्या मागे तिची आई उभी होती, हातात बाटली घेऊन. "काही नाही, सहज विचारलं," तो म्हणाला, आणि फोन ठेवल्यावर त्याने स्वतःला समजावलं, की नक्की कळल्याशिवाय पोरीच्या डोक्यात असलं काही भरवून द्यायचं नाही. आधी खात्री करून घ्यायची. हा विचार त्याला इतका शहाणपणाचा वाटला, की त्या दुपारी त्याला बऱ्याच दिवसांनी झोप लागली.

बायकोचा तो तपासलेला तुकडा परत मिळवायला हॉस्पिटलला अर्ज द्यावा लागला. नातं काय, कशासाठी हवं. 'कशासाठी' पुढच्या रकान्यात त्याने 'दुसरं मत' असं लिहिलं. ओळखीचा माणूस आता तिथे नव्हता. खिडकीतल्या कारकून बाईंनी दोनदा परत पाठवलं, एकदा मृत्यूच्या दाखल्यासाठी, एकदा सहीसाठी. तिसऱ्या खेपेला त्यांनी एक छोटं पाकीट काचेखालून सरकवलं आणि म्हणाल्या, "इथे सही करा. ठोकळा एक, परत करायचा नाही." पाकिटात अंगठ्याच्या नखाएवढं मेण होतं आणि त्यात, शिवणीतून ओढलेल्या दोऱ्यासारखा, सेंटीमीटरभराचा तुकडा. बाकी तिचं असं म्हणायला जगात आता हेच. त्याने पाकीट शर्टाच्या खिशात ठेवलं. मग तिथे अंगाची ऊब लागेल आणि मेण मऊ पडेल असं वाटून बाहेर काढलं आणि सगळ्या रस्त्याने तळहातावर धरून आणलं, ट्रॅफिक सिग्नलला थांबलेल्या माणसांमधून, नव्या इमारतीच्या पत्र्यांच्या कुंपणाशेजारून, कुणाला धक्का लागू न देता.

मॅडमना विचारलं तेव्हा त्यांनी कुणाचा आहे ते विचारलं नाही. "अभ्यासात धरता यायचं नाही, काका. पण रंग उरलाय. तुमच्यासाठी तुम्ही करा." त्याने शुक्रवारी दुपारची वेळ निवडली, कारण तेव्हा तळमजल्यावर कुणी नसतं. नवं पातं लावलं. ठोकळा बर्फावर दहा मिनिटं ठेवला. यंत्राला बसवला. नव्या ठोकळ्याचे पहिले काप वेडेवाकडे येतात, ते फेकून द्यायचे असतात, शिकवताना तो हेच पहिल्यांदा शिकवायचा. त्याने एकही फेकला नाही. अर्धवट, दुमडलेला, नुसत्या मेणाचा, जो निघाला तो त्याने पाण्यावर घेतला आणि काचेवर उचलला. कापताना मेण फार गार असलं की काप चिरतो. मग ठोकळ्याजवळ तोंड नेऊन त्यावर हलका श्वास सोडायचा असतो, तेवढ्या उबेने पृष्ठभाग नरम पडतो. हजारो उंदरांवर त्याने असा श्वास सोडला होता. आता तो वाकला आणि मध्येच थांबला. ती गेली त्या आधीच्या आठवड्यात तिने त्याला म्हटलं होतं, "जरा जवळ बसा ना," आणि तो खुर्ची ओढून बसला होता, हातभर अंतरावर, कारण नळ्या होत्या, पिशव्या होत्या, आणि त्याला जवळ बसायचं म्हणजे नेमकं कसं ते येत नव्हतं. त्याने श्वास सोडला. चाक फिरवलं. पट्टी सुटली, सरळ, एकसारखी, आणि तिच्यात मधोमध तो दोरा बारा वेळा एकाखाली एक आला.

रंगायला वेळ लागतो. मॅडम परत आल्या तेव्हा चार वाजून गेले होते. त्याने स्वतः बघितलं नव्हतं, काच तशीच लावून ठेवली होती. त्या स्टुलावर बसल्या आणि मायक्रोस्कोपची गुंडी फिरवत राहिल्या. फिरवता फिरवता त्यांची बोटं मंदावली.

"आहेत," त्या म्हणाल्या. "इथे आहेत. इथेही. कमी आहेत, पण आहेत. माणसाचं आहे ना हे?"

"आमच्या हिचं."

त्यांनी डोळा काढला. मग वळल्या. त्याने सगळं सांगितलं, टेबल, कोडं, सहा वर्षं, मुलगी. सांगताना त्याचा आवाज कामाची नोंद वाचून दाखवावी तसा निघत होता.

"काका, ही चांदी आहे. हिच्यामुळे झालं, असं ही काच सांगत नाही. आधीच आजारी असलेल्या यकृतात ती अडकून राहिली असेल. की तिच्यामुळे आजार वाढला? नाही सांगता येणार. मला नाही, कुणालाच नाही."

"म्हणजे कधीच कळणार नाही."

"नाही." त्यांनी स्टूल त्याच्याकडे सरकवलं. "मुलगी कधीपासून घेतेय म्हणालात? आणि तुम्हाला तिच्याकडून कळून किती दिवस झाले?"

"पाच आठवडे."

"तिला बंद कर म्हणायला काच कशाला लागत होती तुम्हाला?"

त्या रागावून बोलल्या नव्हत्या. खरंच कळलं नाही म्हणून विचारल्यासारखं विचारलं होतं, आणि म्हणून त्याला उत्तर शोधावं लागलं. उत्तर होतं आणि ते सोपं होतं. त्याला काच कोरी निघायला हवी होती. कोरी निघाली असती तर तो मुलीला हसत हसत म्हणाला असता, जाऊ दे ते पाणी, उगीच कशाला, आणि आईचं नावही निघालं नसतं. पाच आठवडे, सत्तर चमचे, तो स्वतःसाठी वाट बघत होता. तो जिन्यात गेला. शुक्रवार होता, तिचा फोन रविवारचा, पण त्याने लावला.

"बाबा? काय झालं? बरे आहात ना?"

"ते पाणी आजपासून घेऊ नकोस," तो म्हणाला. आणि मग का ते सांगितलं. या वेळी नोंदीसारखं नाही जमलं. एक-दोनदा थांबावं लागलं. वरून कुणीतरी उतरत आलं, त्याला ओलांडून गेलं.

"तुम्ही बघितलंच नव्हतंत? बाटलीकडे?"

"नाही."

"ती सगळ्यांना सांगायची, तुम्ही बघितलंय म्हणून."

"हो."

"आणि मला कधी विचारलंत तुम्ही? त्या बाटल्यांचं? पाच आठवडे झाले असतील. मी रोज घेत होते, बाबा, आणि तुम्ही काप काढत होतात."

फोन बंद झाला. पुढच्या रविवारी अकरा वाजले, सव्वाअकरा झाले, बारा वाजले. त्याच्या पुढच्या रविवारीही. तो फोन करू शकला असता, हात बरेचदा तिकडे गेला, पण तिच्यावर आता स्वतःला लादायचा आपल्याला हक्क नाही असं त्याला वाटायचं, आणि हा संकोच खरा की पुन्हा तेच, मान वर न करणं, हे काही त्याला ठरवता येईना. तो कामावर जात राहिला. तिसऱ्या रविवारी त्याने जिना चढून वरच्या बाईंचं दार वाजवलं. त्या कधीच्या घर सोडून गेल्या होत्या. दुसरीच माणसं राहत होती, त्यांनी त्याला पाणी दिलं, आपण या इमारतीतलेच का म्हणून विचारलं. एकतीस वर्षं, तो म्हणाला. त्यांना नवल वाटलं. आम्ही कधी पाहिलं नाही तुम्हाला.

चौथ्या आठवड्यात, गुरुवारी, दुपारच्या जेवणानंतर तळमजल्याच्या दारात मुलगी उभी होती. खांद्याला प्रवासाची नव्हे, शाळेची पिशवी. लहानपणी एकदा ती इथे आली होती आणि वासाने रडली होती. आता ती वास घेत उभी राहिली, टेबलांकडे, यंत्राकडे बघत.

"रक्त तपासून घेतलं," ती म्हणाली. "ठीक आहे सगळं. चार वर्षांत काही झालेलं दिसत नाही, म्हणाले डॉक्टर. सहा महिन्यांनी परत बघू म्हणाले."

"बरं झालं," तो म्हणाला. आणखी काही म्हणावं असं वाटलं पण तोंडाशी आलं ते असं, "तरुण आहेस तू."

"हं." तिने पिशवी खाली ठेवली. "तुमच्यावर राग आहे माझा. तो गेलाय असं समजू नका. आई एवढी वर्षं तुम्हाला काही ना काही विचारत राहिली, मला वाटतं तिला पाण्याबिण्याचं विचारायचंच नसायचं कधी, तुम्ही वर बघावं एवढंच असायचं." तिने टेबलावरून नजर फिरवली. "ती कुठाय? ती काच?"

त्याने खणातून डबी काढली. काच लावली, दिवा लावला, स्टूल पुसून दिलं. तिला मायक्रोस्कोपची सवय नव्हती, आधी नुसतं पांढरं दिसतं म्हणाली, मग पापण्याच दिसतात म्हणाली. त्याने तिच्या डोक्यामागून हात घालून गुंडी हळूहळू फिरवली. तिचे केस त्याच्या मनगटाला लागत होते. एका क्षणी ती गप्प झाली आणि त्याला कळलं की दिसलं.

"ही आई?"

"हो."

"हे काळं काळं..."

"हो. तेच."

ती बघत राहिली. बाहेर कुणीतरी ट्रॉली ढकलत नेत होतं, चाक कुरकुरत लांब गेलं. तिचा खांदा एकदा हलला. त्याला वाटलं ती उठेल आता, आणि तो मागे सरकून उभा राहिला, तिला वाट करून द्यायला.

"हे कळलं मला," ती डोळा न काढता म्हणाली. "हे सोडून बाकीचं दाखव."

त्याने काच किंचित सरकवली. "हा रक्त यायचा रस्ता," तो म्हणाला. "त्याच्या कडेला या रांगा दिसतात ना, एकीला एक चिकटून, त्या पेशी. यातली एखादी मोठी असते, तिच्यात मध्ये दोन ठिपके असतात. वय झालं की अशा वाढतात. एकटीने दोघींचं काम करायचं असतं त्यांना."

"दिसली. डावीकडे आहे एक."

"हो."

"ही ठीक होती?"

त्याने वाकून मायक्रोस्कोपच्या दुसऱ्या नळीतून पाहिलं. त्याचं कपाळ तिच्या कपाळाला टेकल्यासारखं झालं, दोघांनीही हलवलं नाही.

"ही ठीक होती," तो म्हणाला.

तिची परतीची बस पाचची होती, राहायचं नाही हे तिने आल्याआल्याच सांगून टाकलं होतं. आता सव्वातीन झाले होते. "पुढे," ती म्हणाली, आणि त्याने काच केसभर डावीकडे सरकवली.